ऑपरेशन यशस्वी, पण हृदयाचे काय?

बालाघाटच्या डोंगररांगेतले लिंबागणेश हे बीड तालुक्यातले गाव. भालचंद्र गणपतीच्या जुन्या देवस्थानामुळे ते पंचक्रोशीबाहेरही ठाऊक आहे. आजारपणात या गावाची वाट मात्र मराठवाड्यातल्या शेकडो गावांसारखीच. आधी जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा शहरातला एखादा खासगी दवाखाना. तिथेही भागले नाही तर अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नाहीतर थेट छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे. घरातले ज्येष्ठ माणूस न्हाणीघरात घसरले, खुब्याचे हाड मोडले, की हा प्रवास ठरलेला. ऑपरेशन होते, प्लेट किंवा सांधा बसतो, डॉक्टर बाहेर येऊन 'ऑपरेशन यशस्वी झाले' असे सांगतात आणि नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. आठवड्याने माणूस घरी येते. मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, टाकेही नीट वाळले नसताना, ते अचानक जाते. 'वय झाले होते,' 'हाय खाल्ली,' असे म्हणून विषय मिटतो. हाड तर नीट जुळले होते. मग गेले कशाने, हे कोणी विचारत नाही.

या प्रश्नाचे एक उत्तर वैद्यकशास्त्राकडे गेल्या दहा-पंधरा वर्षांपासून आहे. ते रक्ताच्या एका साध्या चाचणीत सापडते. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत अनेक रुग्णांच्या हृदयाच्या स्नायूला इजा होते. ती दुखत नाही, दिसत नाही, बहुतेक वेळा कोणाच्या लक्षातही येत नाही. पण पुढच्या महिनाभरातल्या मृत्यूंशी तिचा जवळचा संबंध आहे. ती शोधण्याचे साधन उपलब्ध असूनही राज्यातल्या बहुसंख्य रुग्णांपर्यंत ते पोहोचत नसेल, तर त्यावर उघडपणे बोलायला हवे.

धोका टेबलावर नव्हे, खाटेवर

ऑपरेशन म्हटले की लोकांना भीती वाटते ती टेबलाची आणि भुलेची. 'भूल उतरली का?' हा बाहेर थांबलेल्यांचा पहिला प्रश्न असतो. आकडे मात्र वेगळे सांगतात. 14 देशांतल्या 28 रुग्णालयांत 45 वर्षांवरील सुमारे 40 हजार रुग्णांचा अभ्यास झाला. हृदयाव्यतिरिक्त इतर कुठल्याही अवयवाच्या ऑपरेशनसाठी ते दाखल झाले होते. 2019 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ऑपरेशननंतर 30 दिवसांत 715 जण दगावले. त्यांपैकी प्रत्यक्ष ऑपरेशन थिएटरमध्ये गेले अवघे पाच. सुमारे 70 टक्के मृत्यू नंतर वॉर्डात वा अतिदक्षता विभागात झाले आणि जवळपास 29 टक्के घरी गेल्यावर. मृत्यूशी निगडित तीन मोठी कारणे पुढे आली: मोठा रक्तस्राव, हृदयस्नायूची इजा आणि रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग. जवळपास 45 टक्के मृत्यू या तिघांच्या खात्यावर होते.

म्हणजे भूलशास्त्राने गेल्या काही दशकांत आपले काम चोख केले आहे. टेबलावरचा माणूस आज फार सुरक्षित आहे. त्याच्या नाडीचा प्रत्येक ठोका मोजला जातो, प्रत्येक श्वासावर नजर असते. वॉर्डात आल्यावर हीच नजर विरळ होते आणि खरा धोका तिथेच दबा धरून असतो. जगभरात वर्षाला 30 कोटींहून अधिक ऑपरेशने होतात. ऑपरेशननंतर 30 दिवसांच्या आत मरण पावणाऱ्यांची संख्या वर्षाला सुमारे 42 लाख असावी, असा संशोधकांचा अंदाज आहे. एचआयव्ही, क्षय आणि मलेरिया या तिन्हींच्या एकत्रित बळींपेक्षा ती जास्त आहे. तरीही 'ऑपरेशननंतरचा मृत्यू' हा सार्वजनिक आरोग्याचा विषय म्हणून चर्चेत येत नाही.

हृदय दुखावते, पण बोलत नाही

ऑपरेशन म्हणजे शरीरावर झालेला एक नियोजित आघातच. त्याला तोंड देताना शरीर ताणाची संप्रेरके सोडते, नाडी वाढते, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. रक्त गेले की हिमोग्लोबिन घटते. भुलेमुळे किंवा रक्तस्रावामुळे रक्तदाब खाली जातो. वेदनेमुळे श्वास उथळ होतो आणि प्राणवायू कमी पडतो. हृदयाला काम जास्त आणि खुराक कमी, अशी ही अवस्था. धडधाकट हृदय ती निभावून नेते. ज्याच्या रक्तवाहिन्या मधुमेह, उच्च रक्तदाब, तंबाखू किंवा वयाने आधीच अरुंद झाल्या आहेत, त्याच्या हृदयाच्या काही पेशी मात्र या ओढाताणीत मरतात. काहींच्या रक्तवाहिनीत गुठळीही होते.

छातीत कळ आली तर रुग्ण सांगेल, असे कोणालाही वाटेल. अडचण नेमकी तिथेच आहे. या दिवसांत रुग्ण वेदनाशामकांच्या अमलाखाली असतो, अर्धवट गुंगीत असतो. टाक्यांच्या आणि हाडाच्या दुखण्यापुढे छातीतली अस्वस्थता त्याला वेगळी कळत नाही. दम लागला तर 'अशक्तपणा आहे', मळमळले तर 'औषधांमुळे', घाबरल्यासारखे झाले तर 'ऑपरेशनचा धसका', अशी उत्तरे तयार असतात. ईसीजीवरचे बदलही थोडा वेळ दिसून नाहीसे होऊ शकतात.

रक्तातले ट्रोपोनिन मात्र लपत नाही. हे हृदयाच्या स्नायूपेशींतले प्रथिन. पेशी शाबूत असेल तर ते आतच राहते. पेशीला इजा झाली की रक्तात उतरते आणि काही तासांत मोजता येते. छातीत दुखत असलेल्या रुग्णाला हार्ट अटॅक आहे की नाही, हे ठरवण्यासाठी जगभरचे डॉक्टर हीच चाचणी वापरतात. नव्या, अतिसंवेदनशील चाचण्यांमुळे एका लिटरमागे काही नॅनोग्रॅम इतके सूक्ष्म प्रमाणही कळते.

तिचा उपयोग ऑपरेशननंतर केला तर काय दिसते? कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचे डॉ. पी. जे. डेव्हरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'व्हिजन' नावाच्या मोठ्या अभ्यासात हे तपासले. त्यात भारतातली रुग्णालयेही होती. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या टप्प्यात 13 देशांतले 21,842 रुग्ण होते. त्यांपैकी जवळपास 18 टक्के रुग्णांच्या हृदयाला ऑपरेशननंतर इजा झालेली आढळली. म्हणजे साधारण साडेपाच रुग्णांमागे एक. त्याहून धक्कादायक म्हणजे यांतल्या 93 टक्के रुग्णांना हृदयविकाराचे कोणतेही लक्षण जाणवले नव्हते. चाचणी केली नसती तर हे सगळे 'ऑपरेशन यशस्वी' म्हणून घरी गेले असते.

ट्रोपोनिनचा आकडा जितका मोठा, तितका मृत्यूचा धोका मोठा, हेही स्पष्ट झाले. ज्यांचा आकडा 5 नॅनोग्रॅमपेक्षा कमी होता, त्यांच्यात 30 दिवसांतले मृत्यू हजारी एक इतकेच होते. 20 ते 65 या टप्प्यात ते शेकडा तीन झाले. 65 ते 1,000 या टप्प्यात शेकडा नऊ. हजाराच्या पुढे गेलेल्यांत तर जवळपास शेकडा 30. एवढा स्पष्ट इशारा देणाऱ्या चाचण्या वैद्यकात फार नाहीत.

कळले, पण करायचे काय?

इथे एक रास्त आक्षेप आहे आणि तो डॉक्टरांकडूनच येतो. इजा झाल्याचे कळले, पण तिच्यावर खात्रीचा उपाय नसेल तर चाचणीचा उपयोग काय? रुग्णाच्या माथी भीती आणि बिल मारण्यापलीकडे त्यातून काय साधणार?

हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही, कारण या क्षेत्राने सदिच्छेचे चटके सोसले आहेत. ऑपरेशनच्या वेळी हृदयाला विश्रांती मिळावी म्हणून नाडी मंद करणारे मेटोप्रोलॉल द्यावे, असे एके काळी अनेकांना पटले होते. 2008 मध्ये 23 देशांतल्या 8,351 रुग्णांवरच्या 'पॉइज' चाचणीने त्याचा निवाडा केला. हार्ट अटॅक खरोखरच कमी झाले, पण पक्षाघात आणि एकूण मृत्यू वाढले. 2014 मध्ये दहा हजार रुग्णांवरच्या पुढच्या चाचणीत ऑपरेशनच्या वेळी सरसकट ॲस्पिरिन देऊन पाहिले. हृदयाला फायदा झाला नाही, रक्तस्राव तेवढा वाढला. ताज्या जखमेच्या रुग्णाला रक्त पातळ करणारी गोळी देणे म्हणजे दुधारी शस्त्र, हा धडा त्यातून मिळाला.

पण यावरून 'काहीच करता येत नाही' असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. 2018 च्या 'मॅनेज' चाचणीत, ज्यांना अशी इजा झाली आहे त्याच 1,754 रुग्णांना दोन गटांत विभागले. एका गटाला डॅबिगॅट्रान हे गुठळी रोखणारे औषध कमी मात्रेत दिले, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या मोठ्या गुंतागुंती दुसऱ्या गटात 15 टक्के रुग्णांना झाल्या, औषधाच्या गटात 11 टक्क्यांना. मोठा रक्तस्राव लक्षणीय वाढला नाही. या चाचणीलाही मर्यादा आहेत. दोन्ही गटांतल्या चाळीस टक्क्यांहून अधिक रुग्णांनी गोळ्या मध्येच सोडल्या. त्यामुळे तिच्या जोरावर प्रत्येकाला हे औषध लिहून देणे शहाणपणाचे नाही. इजा कळल्यावर तिच्यावर उपचार होऊ शकतो, एवढे मात्र तिने दाखवले.

शिवाय उपाय म्हणजे केवळ नवे औषध नव्हे. वाढलेला आकडा हा डॉक्टरला खाटेजवळ परत बोलावणारा निरोप असतो. हिमोग्लोबिन किती उतरले आहे? रक्तदाब पडतो आहे का? नाडी का धावते आहे? प्राणवायू पुरेसा आहे का? कुठे आतून रक्तस्राव तर होत नाही ना? जंतुसंसर्ग, फुप्फुसात गुठळी, मूत्रपिंडाचा बिघाड? यांतले प्रत्येक कारण ट्रोपोनिन वाढवू शकते आणि यांतल्या बहुतेकांवर जिल्हा रुग्णालयातही इलाज आहे. पुढच्या काळात योग्य रुग्णाला कोलेस्टेरॉलची गोळी, ॲस्पिरिन, साखर व रक्तदाबावर नियंत्रण, तंबाखू-मिसरी बंद आणि काही आठवड्यांत फिजिशियनची भेट, यासाठी कोणत्याही महागड्या तंत्रज्ञानाची गरज नाही. ज्याला आपले हृदय दुखावले आहे हेच ठाऊक नाही, तो यांतले काहीच करणार नाही.

सरसकट नको, निवडून हवी

तज्ज्ञांमध्ये या चाचणीबाबत एकमत आहे असे नाही. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत हृदयविकार असलेल्या किंवा जोखीम असलेल्या रुग्णांसाठी, मध्यम वा मोठ्या ऑपरेशनआधी एकदा आणि नंतर 24 व 48 तासांनी अतिसंवेदनशील ट्रोपोनिन मोजण्याची ठाम शिफारस केली. कॅनडाने 2017 मध्ये वेगळी चाळणी सुचवली. 65 वर्षांवरील किंवा हृदयविकाराची जोखीम असलेल्यांची आधी बीएनपी नावाची, हृदयावरचा ताण दाखवणारी रक्तचाचणी करावी आणि ती जास्त आली तरच पुढचे दोन-तीन दिवस रोज ट्रोपोनिन पाहावे. अमेरिकेने 2024 मध्ये अधिक सावध पवित्रा घेतला. निवडक रुग्णांत ही चाचणी 'करायला हरकत नाही', एवढेच म्हटले. मात्र इजा आढळलेल्या रुग्णाचा नंतर पाठपुरावा व्हावा, हे अमेरिकी तज्ज्ञांनाही मान्य आहे.

या मतभेदांतूनही एक समान धागा निघतो. पंचविशीतल्या तरुणाच्या अपेंडिक्सला किंवा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ही चाचणी लागत नाही. वय 65 च्या वर, आधीचा हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार आणि मोठे ऑपरेशन, अशा रुग्णांपुरता हा प्रश्न आहे. त्यांच्यासाठी एक नमुना आधीचा हवाच. मूत्रपिंडाच्या किंवा जुन्या हृदयविकाराच्या रुग्णात ट्रोपोनिन कायमच थोडे वाढलेले असू शकते. आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही. छोट्या दवाखान्यांत कार्डावर रक्ताचे थेंब टाकून करतात ती झटपट चाचणी 'आहे' किंवा 'नाही' एवढेच सांगते. ऑपरेशननंतरची लहान वाढ तिच्यात निसटू शकते. त्यासाठी आकडा देणारे यंत्र हवे.

बीडचा अनुभव काय सांगतो?

चाचणी चांगली असली तरी ती चुकीच्या हातांत वाईट ठरते, हे बीड जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये देशभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. तेव्हाच्या पाहणीत 82 हजारांहून अधिक महिलांपैकी 13 हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढल्याचे दिसले. भीती दाखवून शस्त्रक्रिया गळ्यात मारण्याचे आरोप तेव्हा झाले. त्याच जिल्ह्यात उद्या 'ट्रोपोनिन वाढले आहे, ताबडतोब अँजिओग्राफी करा' असे सांगणारे दुकान उघडणार नाही, याची हमी कोण देईल? म्हणूनच ही चाचणी 'पॅकेज' म्हणून बाजारात यायच्या आधी ती नियमावली म्हणून सरकारी रुग्णालयांत आली पाहिजे. कोणाची करायची, केव्हा करायची, आकडा वाढला तर पहिली पाच पावले कोणती आणि अँजिओग्राफी कोणाला लागत नाही, हे एका पानावर लिहिता येते.

आणखी एक गोष्ट याच मातीतली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. मुळात कमी रक्त, त्यात ऑपरेशनचा रक्तस्राव, मग हृदयाला प्राणवायू मिळणार कुठून? ज्या ऑपरेशनला महिनाभर थांबता येते, त्याच्याआधी हिमोग्लोबिन सुधारणे हा हृदय वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

खुब्याच्या हाडाचे मात्र उलट आहे. तिथे थांबणे धोक्याचे. तरीही 'फिटनेस' मिळेना म्हणून, इको व्हायचा आहे म्हणून, हृदयाची तपासणी 'गडबड' आली म्हणून म्हाताऱ्या माणसांना दिवसेंदिवस खाटेवर ठेवले जाते किंवा पुढच्या शहरात पाठवले जाते. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हिप अटॅक' चाचणीत भारतासह 17 देशांतले 2,970 रुग्ण होते. खुब्याचे ऑपरेशन तातडीने केल्याने एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. पण दाखल होतानाच ज्यांचे ट्रोपोनिन वाढलेले होते, त्यांचे नंतर वेगळे विश्लेषण झाले. त्यांत तातडीने ऑपरेशन झालेल्यांपैकी सुमारे 10 टक्के 90 दिवसांत दगावले, नेहमीच्या गतीने झालेल्यांपैकी सुमारे 23 टक्के. हे एका उपगटाचे विश्लेषण आहे, अंतिम निकाल नव्हे. पण वाढलेला आकडा म्हणजे ऑपरेशन पुढे ढकलण्याचा परवाना, ही समजूत तपासून पाहायला त्याने भाग पाडले आहे.

एक पान, दोन नमुने, एक ओळ

राज्य सरकारने करण्यासारख्या गोष्टी अवाढव्य नाहीत. जिल्हा रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आकडा देणारी ट्रोपोनिन चाचणी चोवीस तास उपलब्ध असावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशनचे ठरावीक दर असतात. जोखमीच्या रुग्णांसाठी ऑपरेशननंतरच्या दोन नमुन्यांचा खर्च त्यात स्पष्टपणे धरावा. नाहीतर ठरावीक पैशांत बसत नाही म्हणून ही चाचणी सर्वांत आधी गाळली जाईल. अंबाजोगाईसारख्या ग्रामीण भागातल्या वैद्यकीय महाविद्यालयाने आपल्याच रुग्णांची नोंद ठेवली, तर इथल्या कष्टकरी, रक्तक्षयी, तंबाखू-मिसरीची सवय असलेल्या रुग्णांत हे प्रमाण किती आहे, हे परदेशी आकड्यांवर विसंबून न राहता कळेल.

डिस्चार्ज कार्डावर एक ओळ वाढवायला तर काहीच खर्च नाही. 'ऑपरेशननंतर हृदयाची तपासणी: केली / नाही, आकडा इतका, पुढील भेट अमुक दिवशी.' ती ओळ वाचून लिंबागणेशसारख्या गावातली आशाताई किंवा आरोग्य केंद्रातला डॉक्टर तिसऱ्या आठवड्यात घरी चौकशी करू शकेल. सध्या कार्डावर टाके कधी काढायचे ते लिहिलेले असते. हृदयाविषयी अक्षरही नसते.

घरच्यांनाही यात काम आहे. ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञाला मधुमेह, जुना छातीचा त्रास, जिना चढताना लागणारा दम, चालू असलेल्या गोळ्या आणि तंबाखूची सवय, सगळे न लपवता सांगावे. घरात ज्येष्ठ असेल तर 'ऑपरेशननंतर हृदयाची रक्तचाचणी करणार का?' हे विचारायला संकोच वाटण्याचे कारण नाही. घरी आल्यावर नवा दम, छातीत जडपणा, घाम, भोवळ किंवा अकारण गळून जाणे दिसले तर 'अशक्तपणा आहे, चार दिवसांत उतरेल' म्हणून वाट पाहू नये. 108 ला फोन करावा. रक्त पातळ करणारी गोळी मात्र कोणाच्या सांगण्यावरून स्वतःहून सुरू वा बंद करू नये. ताज्या जखमेत ती जीवावर बेतू शकते.

ट्रोपोनिन ही जादू नाही. सगळे मृत्यू तिने टळणार नाहीत आणि काही ज्येष्ठ कितीही काळजी घेतली तरी जातीलच. पण जे जातात त्यांच्यापैकी काहींचे हृदय पहिल्या दोन दिवसांतच मदत मागत होते आणि ती हाक ऐकण्याचे यंत्र त्याच इमारतीत असूनही कोणी नमुना पाठवला नव्हता, हे 'वय झाले होते' या शब्दांनी झाकून टाकता कामा नये. 'ऑपरेशन यशस्वी झाले' हे वाक्य थिएटरच्या दारात नव्हे, तीस दिवसांनी रुग्णाच्या अंगणात उच्चारले जावे.